काजूची शिक्षा नारळाला नको

वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं

गणपतीनंतर आलेल्या टपालात काजू, नारळ आणि खोबरेल यांच्याबद्दलची पत्रं बरीच होती. त्यातली तीन या अंकात घेते आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातली अडचण किनारपट्टीवरच्या अनेक घरांत मला दिसते.

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ खाल्ल्यावर थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या आणि आवाज घोगरा झाला. पित्त उठलं असं समजून सासूबाईंनी आमसुलाचं पाणी अंगाला लावलं. कमी होईना तेव्हा डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि तो सावरला. कागदावर त्यांनी ‘सर्व नट्स बंद’ असं लिहिलं. माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिने तिथल्या एका बिस्किटाच्या पुड्याचा फोटो पाठवला. त्यावर ट्री नट्समध्ये, म्हणजे काजू-अक्रोडासारख्या झाडावरच्या नट्समध्ये, नारळ धरलेला होता. तेव्हापासून मी त्याच्यासाठी नारळ पूर्ण बंद केला आहे. त्याचं वेगळं रांधते, डोक्याला खोबरेलसुद्धा लावत नाही. त्याआधी तो रोज नारळ खायचा, सोलकढी तर वाटीवाटीने प्यायचा, कधी काही झालं नव्हतं. सासूबाई म्हणतात, ‘नारळ नाही तर रांधायचं तरी काय?’ गणपतीत त्याने मोदक मागितला, मी दिला नाही. मी बरोबर करते आहे का? — सौ. क., गुहागर

उत्तर : ताई, मोदकाचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य फार मोलाचं आहे : तो रोज नारळ खायचा आणि कधी काही झालं नव्हतं. ॲलर्जीचं निदान करताना आम्ही आधी हेच विचारतो. काय खाल्लं, किती वेळात काय झालं, आणि तोच पदार्थ आधी किंवा नंतर खाल्ला तेव्हा काय झालं. चाचण्या त्यानंतर. तुमच्या मुलाचा इतिहास काजूकडे स्पष्ट बोट दाखवतो. नारळाविरुद्ध त्यात काहीही नाही.

काजू आणि नारळ आपल्याकडे एकाच आगरात वाढतात, पण त्यांची कुळं वेगळी. काजू आंब्याच्या कुळातला. पिस्ता, चारोळी आणि बिब्बा हे त्याचे भाऊबंद. नारळ ताडामाडांच्या कुळातला, म्हणजे सुपारी आणि खजूर यांचा नातलग. शरीर चवताळून उठतं ते पदार्थातल्या प्रथिनांवर. काजूच्या बीत साठवलेली प्रथिनं आणि पिस्त्यातली प्रथिनं इतकी मिळतीजुळती आहेत, की एकाची ॲलर्जी असलेल्याला बहुधा दुसऱ्याचीही असते. नारळाशी काजूचं असं सूत नाही. नारळाची ॲलर्जी जगात नाहीच, असं मी म्हणणार नाही. ती असते, पण क्वचित. अक्रोड किंवा हेझलनटबरोबर नारळाचाही त्रास झालेली मोजकी माणसं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पण काजू बाधला म्हणून नारळही बाधणार, असं मानायला आधार नाही.

बहिणीने पाठवलेला फोटो खोटा नाही. अमेरिकेत २००४ साली ॲलर्जी आणणारे पदार्थ पुड्यावर छापण्याचा कायदा झाला. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्यासाठी ट्री नट्सची यादी ठरवली आणि तीत नारळ घातला. पुढे कित्येक वर्षं तो तिथेच राहिला. जानेवारी २०२५ मध्ये यादी सुधारली, तेव्हा त्यांनी तो काढून टाकला. जुन्या छपाईची पाकिटं अजून घराघरांत असणार. युरोपच्या यादीत बदाम, हेझलनट, अक्रोड, काजू, पेकन, ब्राझील नट, पिस्ता आणि मॅकाडेमिया आहेत, नारळ नाही. आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या नियमांनुसार पाकीटबंद खाण्यावर शेंगदाणे आणि ट्री नट्स असल्याचं जाहीर करावं लागतं. पण तुमच्या मुलासाठी तेवढं वाचून थांबू नका. वरची घटकांची बारीक अक्षरातली ओळ वाचा. त्याला काय टाळायचं आहे ते तिथेच कळतं.

तुमच्या डॉक्टरांनी ‘सर्व नट्स बंद’ लिहिलं, त्याला मी दोष देणार नाही. समोर आवाज बसलेलं पोर असताना तेच शहाणपणाचं होतं, आणि त्यांच्या इंजेक्शनने मूल वाचलं. पण तो कागद पहिल्या दिवसाचा आहे. पाच महिने झाले, आता पुढचं पाऊल टाकायला हवं.

आता तेलाचं. तेल म्हणजे स्निग्ध भाग, आणि ॲलर्जी असते प्रथिनांची. कारखान्यात शुद्ध केलेल्या खोबरेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. घाण्याच्या तेलात आणि नारळाचं दूध आटवून घरी काढलेल्या आवेलात त्यांचे कण राहू शकतात. बरणीच्या तळाशी जो तपकिरी गाळ बसतो, त्यात ते असतात. (डिसेंबरच्या पहाटे खोबरेल पांढरं गोठतं ते वेगळं. ते थंडीने होतं, गाळाशी त्याचा संबंध नाही.) पण हे कण नारळाचे. ज्याला नारळ चालतो, त्याला गाळही चालतो. ज्या थोड्या माणसांना खुद्द नारळाचीच ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र घाण्याचं तेल आणि आवेल दोन्ही टाळावं.

घाण्याकडे मी निराळ्या कारणाने बघते. गेल्या महिन्यात आमच्या बाजारातल्या लाकडी घाण्यावर मुद्दाम उभी राहिले. सकाळी शेंगदाणा काढून झाला होता. त्यांनी पेंड खरवडून काढली, उखळीच्या कडा कुंच्याने झाडल्या, फडकं फिरवलं आणि त्याच उखळीत सुक्या खोबऱ्याचे तुकडे पडले. पहिलं तेल सुटलं त्याला शेंगदाण्याचा वास स्वच्छ येत होता. घाणेवाल्या काकांनी काही लपवलं नाही. म्हणाले, ‘डॉक्टरीणबाई, पाण्याने धुतला तर लाकूड फुगतं.’ खरंच आहे ते. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला त्या दुपारच्या खोबरेलाने त्रास होऊ शकतो, आणि दोष खोबरेलाच्या माथी जाईल. हल्ली काही घाण्यांवर बदामही काढून देतात. म्हणून तेल घेताना एक प्रश्न विचारायचा : आमच्या आधी यात काय काढलंत? नारळाशिवाय दुसरं काही न काढणारा घाणा मिळाला तर तिथूनच घ्या. तोपर्यंत बंद बाटलीतलं खाण्याचं खोबरेल वापरा.

घरातल्या मिक्सरचंही असंच बघा. ज्या भांड्यात काजूची पूड केली त्याच्या झाकणाच्या रबरात ती अडकून राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात नारळाचं वाटण होतं. मुलाच्या वाटणासाठी एक भांडं वेगळं ठेवा, झाकणासकट. नारळाच्या वड्या बाहेरून आणू नका. मिठाईच्या दुकानात त्या काजूकतलीच्या शेजारीच थापल्या जातात, बऱ्याचदा त्याच ताटात.

नारळ परत सुरू करायचा, पण उद्या सकाळी घरच्या घरी नको. एखादा पदार्थ मुलाच्या पोटात नियमित जात असतो तेव्हा शरीर त्याला सरावलेलं असतं. ॲलर्जीच्या प्रकृतीच्या मुलाला तो बरेच महिने तोडला, तर तो सराव कधीकधी मोडतो. खाण्यात ठेवता येण्यासारखा पदार्थ उगाच तोडू नये असं मी पोटतिडकीने सांगते, ते याचसाठी. आधी मुलाला ॲलर्जी बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. ते काजू, पिस्ता, अक्रोड, बदाम आणि नारळ यांची टोचणी-चाचणी करतील किंवा रक्तातली विशिष्ट आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी जोडलेली प्रतिपिंडं, तपासतील. मग त्यांच्या देखरेखीखाली, मुलाला सर्दी, ताप किंवा दमा नसताना, नारळ थोडा थोडा वाढवत देता येईल. एकदा पचला की परत बंद करू नका. आठवड्यातून काही वेळा पोटात जाऊ द्या. तुमच्या घरी ते कठीण नाही.

चाचणीबद्दल एक सावधगिरी. आयजीई तपासणी थोडी वर आली म्हणजे ॲलर्जी आहेच असं नसतं. खाऊन त्रास होत नसेल, तर नुसता आकडा बघून पदार्थ तोडायचा नाही. आणि एका थेंबात शंभर-दोनशे पदार्थ तपासून देतो म्हणणारी आयजीजीची पॅकेजं घेऊ नका. आयजीजी ही निराळी प्रतिपिंडं, शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढंच ती सांगतात. ते कागद हातात घेऊन भात, दूध, नारळ सगळं बंद केलेली हडकुळी मुलं माझ्यापुढे बसतात तेव्हा मला संताप येतो.

डोक्याला खोबरेल लावायला हरकत नाही, फक्त बाटलीतलं लावा. कातडीवर इसब असेल, खाजवून भेगा पडल्या असतील, तर तिथे कुठलंही खाण्याचं तेल चोळण्यापूर्वी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. फाटलेल्या कातडीतून आत गेलेल्या अन्नकणांनी ॲलर्जी जडू शकते. बदामतेलाचं मालीश मात्र त्याच्या सगळ्या चाचण्या होईपर्यंत नको.

नारळाची भीती जशी सोडायची, तशी काजूच्या बाबतीत दुप्पट कडक व्हायचं. काजूची ॲलर्जी अगदी थोड्या कणांनीही भडकू शकते, आणि मोठेपणी ती आपोआप जाण्याचं प्रमाण कमी आहे, साधारण दहातल्या एका मुलाचं. पिस्ता बंद. चारोळी काजूच्याच कुळातली, म्हणून तपासून होईपर्यंत तीही बंद. बासुंदीवर, श्रीखंडात, काही घरी मोदकाच्या सारणातही ती असते. काजूच्या बोंडाच्या, म्हणजे रसाळ फळाच्या, रसातही काजूची प्रथिनं सापडली आहेत, तेव्हा वाडीतली बोंडं चोखणं नको. सत्यनारायणाच्या शिऱ्यात काजू असतो, हॉटेलातल्या पांढऱ्या-लाल ग्रेव्हीत वाटलेला असतो, आणि तिथे तो डोळ्यांना दिसत नाही. शेजारणी प्रेमाने हातावर प्रसाद ठेवतात. त्यांना एकदा घरी बोलावून एप्रिलमध्ये काय झालं ते सांगा. ‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय’ हे वाक्य या मुलाच्या बाबतीत कोणी उच्चारता कामा नये. आंब्याचा गर मात्र त्याने आजवर बिनतक्रार खाल्ला असेल तर खाऊ द्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ओठ सुजणं, गांधी, उलट्या आणि बसलेला आवाज एकत्र आले, त्याला आम्ही ॲनाफिलॅक्सिस म्हणतो. आमसुलाच्या पाण्याने खाज शमते, ॲलर्जीच्या गोळीनेही खाज शमते, पण सुजलेला घसा त्यांनी उघडत नाही. तिथे औषध एकच : ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लगेच. परदेशातल्यासारखी औषध भरलेली इंजेक्शनची पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाचा डोस लिहून घ्या, ॲम्प्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज घरात ठेवा, आणि भरायचं कसं, टोचायचं कसं हे त्यांच्यासमोर करून शिका. तुम्ही, मुलाचे बाबा आणि सासूबाई, तिघांनीही. गुहागरहून चिपळूण गाठेपर्यंत लागणारा वेळ त्या दिवशी तुमच्याजवळ नसेल. इंजेक्शन देऊन १०८ ला फोन करा. मुलाला आडवं ठेवून पाय उंच करा. धाप लागली असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, कारण काही तासांनी त्रास परत उद्भवू शकतो. अंगणवाडीच्या बाईंनाही हे लिहून द्या. ॲम्प्युलवरची तारीख बघत जा, आणि ती उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका.

मोदक पुढच्या गणपतीत घरीच करा, सारणात नारळ, गूळ आणि वेलची एवढंच घालून.

प्रश्न : तारकर्लीला आमचं घरगुती निवासाचं काम आहे. मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यांच्या मुलीला नट्सची ॲलर्जी आहे असं जेवायला बसताना त्यांनी सांगितलं. आम्ही तिच्या पानातल्या भाजीतून काजू वेचून बाजूला काढले, पण ते लोक नाराज झाले आणि मुलीला फक्त दहीभात दिला. सोलकढी चालेल का, हेही आम्हाला सांगता येईना. अशा वेळी काय करावं? — एक यजमान, तारकर्ली

उत्तर : ते नाराज झाले, पण दहीभात दिला हे त्यांनी योग्य केलं. काजू वेचले तरी त्याची प्रथिनं रश्शात उतरलेली असतात. पाहुण्यांचं बुकिंग घेतानाच फोनवर विचारून घ्या : कुणाला कशाची ॲलर्जी आहे का, आणि नेमकी कशाची? शेंगदाण्याची, काजूची, की अक्रोडाची? पुष्कळ माणसं सगळ्यांना मिळून ‘नट्स’ म्हणतात. शेंगदाणा तर मुगा-चवळीच्या कुळातला.

सोलकढी चालेल की नाही, याचा निर्णय तुम्ही घेऊ नका. वरचं उत्तर वाचून ‘नारळ चालतो हो, मासिकात आलंय’ असं पाहुण्यांना सांगाल, म्हणून आधीच लिहिते. तो मुलगा नारळ खात आलेला होता. तुमच्या पाहुण्या मुलीचं काय आहे ते तिच्या आईबाबांना ठाऊक. तुमचं काम एवढंच, की पानात काय आहे ते पूर्ण सांगायचं : यात नारळाचं दूध आहे, यात खोबरेल आहे, या वाटणात खसखस आहे, कोंबडीच्या रश्शात काजू नाही. तुमच्याकडे हे सगळं सांगणं सोपं आहे, कारण वाटण तुमच्याच घरात होतं.

स्वयंपाकघरात एक गोष्ट मात्र बदला. काजू तळलेल्या तेलात वडे तळू नका. काजू तळून विकत असाल, किंवा चहाबरोबर देत असाल, तर त्याची कढई आणि झारा निराळा ठेवा. ॲलर्जीच्या पाहुण्याचं जेवण सगळ्यांत आधी, धुतलेल्या भांड्यांत रांधून झाकून ठेवा. आणि कितीही काळजी घेतली तरी ‘आमच्याकडे अजिबात काजू नाही’ असं म्हणू नका, घरात पोतं असेल तर. खरं सांगितलं की आईबाप त्यांचं ते ठरवतात.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळच्या काजू कारखान्यात कामाला आहे. सालं फोडताना हात काळे पडतात, फोड येतात, कातडी सोलवटते. मुलगी म्हणते, आई तुला काजूची ॲलर्जी आहे, खाऊ नकोस. मी तर काजूगराची भाजी आवडीने खाते. बायका हाताला खोबरेल चोळून बसतात, त्याचा उपयोग होतो का? — एक कामगार भगिनी

उत्तर : ताई, तुमचे हात गराने भाजत नाहीत, टरफलातल्या तेलाने भाजतात. त्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. ते कातडी जाळतं. काहींच्या कातडीला त्याची पुढे कायमची चीडही बसते, मग आंब्याच्या डिंकाने आणि बिब्ब्यानेही तसेच फोड येतात. तुम्हाला आंब्याच्या चिकाने ओठाभोवती पुरळ येत असेल तर कारण हेच. गर खाऊन ओठ सुजणं, धाप लागणं ही वेगळी गोष्ट. ती तुम्हाला कधी झालेली नाही, तेव्हा भाजी खात राहा. ओले काजू घरी सोलताना गराला टरफलाचं तेल लागणार नाही एवढं बघा.

खोबरेलाचा उपयोग होतो. हातावर आधीच तेलाचा थर असला की टरफलाचं तेल कातडीत कमी मुरतं आणि साबणाने लवकर निघतं. पण फक्त त्यावर विसंबू नका. हातमोजे मागा, आत सुती आणि बाहेर रबरी. मोजा फाटला की लगेच बदला, कारण फाटक्या मोज्यात तेल साचून जास्त भाजतं. जेवणाच्या सुटीत आधी हात तेलाने पुसा, मग साबणाने धुवा, आणि त्याआधी डोळ्यांना किंवा तोंडाला हात लावू नका. फोड फुटून पू झाला तर डॉक्टरांना दाखवा. आणि सोलण्याच्या खोलीत बसल्यावर शिंका, खोकला किंवा छातीत घरघर सुरू होत असेल, तर मात्र मला परत लिहा किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा. ती गराच्या धुळीची ॲलर्जी असू शकते, आणि तेव्हा भाजीबद्दलही नव्याने विचार करावा लागेल.